मेंढक्यांच्या वहीतले पणजोबा

हा प्रसंग मी आजवर कुणाला सांगितला नाही, कारण त्यात माझी लाज आहे.

महायुद्ध संपले त्या वर्षीची गोष्ट. मी सांगलीला विश्रामबागेत राहत होतो, शाळेत मास्तर होतो. मुलीचे लग्न साताऱ्याच्या एका फौजी घराण्यात ठरत आले होते. बैठकीत बोलण्याच्या भरात मी सांगून बसलो, "आमचे पणजोबा बिरोजीराव घोडदळात सरदार होते." घरी कुणीतरी तसे म्हणत असे, एवढाच त्याला आधार. पुढे धास्ती वाटू लागली, हे खोटे निघाले तर? लेखी काही मिळावे म्हणून ऐन वैशाखात मी माण तालुक्यात, शिखर शिंगणापूरला गेलो. शंभू महादेव आमचे कुलदैवत. तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत दर्शनाला येणाऱ्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात.

सरदार घराण्यांच्या उपाध्यांनी सकाळभर पाने चाळली. आमचे नाव नव्हते. मला देवाचाच राग आला. दर्शन न घेता भर उन्हात पायऱ्या उतरू लागलो आणि अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा एक म्हातारी धनगरीण पदराने वारा घालत होती. बाजूच्या झाडाखाली तिची मेंढरे बसली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. घसा कोरडा पडला होता, तरी मी म्हणालो, "वरून ओत, ओंजळीत." तिने तांब्या उंच धरला. माझे पोट भरेपर्यंत ओतत राहिली.

मग तिने विचारले, "कशापायी आलासा, बाबा?" मी सांगितले. ती जरा विचारात पडली. "तुमच्यात लगनात नवरा-नवरी कशावर बसवत्यात?"

"घोंगडीवर."

"आवं, घोंगडी तर आमा धनगरांची. मंग सरदारांच्या वहीत कशाला हुडकतायसा? मेंढक्यांची वही येगळी हाय. वर देवळाच्या उजव्या अंगाला जावा."

मला तिचा संताप आला. पण पाय खाली जाईनात, वरच वळले. ते कुणी वळवले, मी काय सांगू?

त्या वहीत तिसऱ्याच पानावर होते: 'बिरू मेंढका. दुष्काळात कळप मेला, बायको वारली. लेक रामजी यास खांद्यावर घेऊन कृष्णाकाठी गेला.' रामजी म्हणजे माझे आजोबा. ते लेकरू खांद्यावर तगले म्हणून मी जन्माला आलो, आणि त्याच माणसांच्या हातचा तांब्या मला चालला नव्हता. गाभाऱ्यापुढे डोके टेकले तेव्हा मागायला तोंडच राहिले नव्हते. धावत खाली आलो, पण म्हातारी मेंढरे घेऊन निघून गेली होती.

तसाच साताऱ्याला गेलो आणि मान खाली घालून सगळे कबूल केले. वराच्या वडिलांनी मला हाताला धरून शेजारी बसवले. मग म्हणाले, "आवं मास्तर, आमी वंशावळ मागितलीवती कवा? पोरगी पसंत हाय, एवढंच बघितलं आमी." त्या चांगुलपणाने तर मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लग्न झाले, मुलगी सुखात आहे. ती म्हातारी कोण होती, याचा वाद मी घालत नाही. देवाने मला हवे ते दिले नाही, खरे होते ते दिले. आता तो देईल ते मी मुकाट्याने घेतो. मात्र पूजेला बसलो की एक गोष्ट टोचते. मेलेल्या माणसाचे नाव शोधत मी एवढा डोंगर चढलो, आणि जिने मला पाणी पाजले तिला नाव विचारले नाही.