दत्तारामाचा डावा पाय

कणकवलीच्या स्टँडवर आम्ही सर्व्हिस गाडीचे, म्हणजे खासगी बसचे, ड्रायव्हर चहाला टेकलो, की एकाच्या गुडघ्यावरून दुसऱ्याचा किस्सा निघायचा. साठ सालानंतरच्या पाच-सहा वर्षांत इतके साठले, की अजून आठवले तरी माझं डोकं फिरतं. हसू येतं ते नंतर.

तेव्हाचा क्लच म्हणजे दगड. एक गिअर बदलायचा तर दोनदा दाबा. त्यात बाजाराचा दिवस! बैलगाड्या, म्हशी, डोक्यावर फणस घेतलेल्या बायका. कोणी बाजूला होईल तर शपथ. पहिला, दुसरा, परत पहिला. आमची डावी चप्पल आधी झिजायची. चपला शिवणारा नुसता तळ बघून विचारी, "ड्रायव्हर मा तुमी?"

आमच्यातल्या बाबीने एकदा तक्रारवहीत लिहिलं, 'क्लच फार जड आहे.' मॅनेजरने खाली शेरा मारला, 'ड्रायव्हरने दूध प्यावे.' आणि सही!

दत्ताराम आमच्यात सगळ्यात जुना. त्याचा डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरने विचारलं, "चालणं फार होतं का?"

"चलूक माका येळ खंय गावता?"

त्याने डेपोत हलकी ड्युटी मागितली. मॅनेजरने तीनदा अर्ज परत केला. वर म्हणतो, "गाडी इंजिन ओढतं, तुझा गुडघा नाही." स्वतः जन्मात स्टिअरिंगला बसला नव्हता मेला.

आणि मग आमच्या मालकांची मुंबईहून परदेशी गाडी आली. ऑटोमॅटिक. क्लचच नाही! कणकवलीत त्यांचा ड्रायव्हर तापाने आडवा झाला, म्हणून मालवणपर्यंत न्यायला दत्तारामाला बसवलं. शेजारी मॅनेजर, मागे मालक. नेमका बाजाराचा दिवस.

समोर बैलगाडी आडवी आली. दत्तारामाचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि रुंद ब्रेकवर आदळला. मालकांचं कपाळ पुढच्या सीटवर. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मालक ओरडले, "ह्याला गाडी येत नाही, उतरवा!"

दत्ताराम शांतपणे उतरला. भर रस्त्यात गाडी, मागे पंधरा बैलगाड्या, शिव्यांचा पाऊस. मालकांना चालवता येत नव्हती, मॅनेजरलाही नाही. मालक मॅनेजरवर खेकसले, "आता काय करायचं ते तुम्ही करा!"

दत्तारामाने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला आणि बॉनेटवर पसरला.

"सायबानू, सही करा. मगे गाडी हलयतंय."

मॅनेजरने मालकांकडे पाहिलं. मालक कपाळ चोळत म्हणाले, "करा हो सही!"

सही झाली. दत्ताराम परत आत बसला.

"आता वायंच तकडे सरकान बसा," म्हणाला, आणि दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ मॅनेजरच्या मांडीवर ठेवला. मालवण येईपर्यंत तो तिथेच होता.