पिल्लांची ताटली आणि मेदूवडे

आमच्या मीनाने कोंबडीच्या पिल्लांच्या ताटलीत दोन मेदूवडे खाल्ले आणि तिला काहीही झालं नाही. होणारच नव्हतं. ती ताटली मी धुतली होती!

मीना माझी धाकटी नणंद, मनमाडची. आणि पिल्लं बारा, माझ्या भावाने पेठहून नाशिकला खोक्यातून आणून दिलेली. ह्यांना ती बघवेनात.

"त्यांचं एक जरी भांडं स्वयंपाकघरात दिसलं, तर पिल्लं पेठला परत!"

"दिसलं तर मीच बसमध्ये बसवून देईन!" मी ठणकावलं. (माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आईच म्हणते.)

त्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. पिल्लांची भांडी बाहेरच्या नळावर. बादली वेगळी, घासणी वेगळी. आधी साबणाने घासायची, मग जराशा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची, वास जाईपर्यंत खळखळून धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. शेवटी आपले हात साबणाने.

शेजारीण हसली. "अहो, एवढं तर मी नातवाच्या बाटलीचंही करत नाही!"

"तरीच!" मी म्हणाले. (सध्या आम्ही बोलत नाही.)

आणि एका रविवारी मीना 'सहज' आली. दारातच नाक वर करून म्हणाली, "वहिनी, घराला खुराड्याचा वास येतो म्हणे?"

मी इरेला पेटले. मेदूवड्यांचा घाट घातला. माळ्यावरच्या ठेवणीतल्या पांढऱ्या डिश काढल्या, धुतल्या, मागच्या कट्ट्यावर उन्हात ठेवल्या. पिल्लांच्या पाण्याच्या उपड्या भांड्यांखालच्या ताटल्याही तिथेच वाळत होत्या. कट्टा एकच! त्या ताटल्याही पांढऱ्या. मधे उंच, भोवती पाणी साठायला खोलगट कड. माझा चष्मा फ्रिजवर. हाताला लागलं ते उचललं आणि वाढलं.

"अय्या वहिनी, काय डिश आहे! वडा मधे कोरडा, सांबार भोवतीनं! भिजतच नाही!"

मी चष्मा लावला. पायाखालची जमीनच सरकली. ह्यांच्याही हातात तसलीच ताटली! ह्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागून बारा पिल्लांची चिवचिव. मला रडूच यायला लागलं, इतका त्या पिल्लांचा लळा लागला होता.

"दादा, काय झालं रे?" मीनाने विचारलं.

ह्यांनी बोलावं, तर बहिणीला काय खाऊ घातलं ते सांगावं लागणार. आणि स्वतः दीड वडा संपवलेला!

"काही नाही," हे म्हणाले. "सांबार छान झालंय."

"आणखी वाढू?" मी विचारलं.

मीना गेल्यावर हे कडाडले, "पिल्लं परत!"

"का? वास आला? चव लागली? तुम्हाला खाताना कळलंसुद्धा नाही, याला म्हणतात धुणं!"

पिल्लं राहिली.

मीनाने मात्र तशा सहा डिशसाठी रोज फोन करून पिच्छा पुरवला. शेवटी मी पिंपळगावच्या कोंबडीखाद्याच्या दुकानातून कोऱ्या आणून दिल्या. गेल्या महिन्यात मनमाडला तिने मलाच त्यात वडे वाढले. मी ताठ मानेने दोन खाल्ले, वर सांबारही मागून घेतलं. मग डिश उचलली आणि तडक तिच्या मागच्या अंगणात गेले.

"अहो वहिनी, बेसिन इकडे!" मीना ओरडली.

पण तोवर मी विचारून बसले होते, "मीना, तुझी ब्लीचिंग पावडर कुठंय गं?"