शिशाची गोळी, तांब्याची गोळी आणि शहापूरचा माग

गेल्या रविवारी सकाळी मी शहापुरात माझा मित्र बाळूच्या हातमागासमोर चहा पीत बसलो होतो. खिशातील फोनमध्ये एक छायाचित्र होते... ते माझ्याच चुकीचे आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

प्रथम पार्श्वभूमी सांगतो. मी सैन्यात एकोणतीस वर्षे शस्त्रदुरुस्तीचे काम केले. रायफलीच्या बाबतीत माझा शब्द घरात अखेरचा मानला जातो, आणि ती सवय मीच सर्वांना लावली आहे.

माझ्या मुलीचा मुलगा निखिल अमेरिकेत बर्फाळ प्रदेशात राहतो. आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तिकडे मात्र सरकार परवाना देते. एक हरीण मिळाले की त्या मांसावर घराचा हिवाळा निघतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी दिलेल्या जुन्या रायफलीने निखिल दरवर्षी शिकारीला जातो.

या वर्षी त्याची पत्नी स्नेहा गरोदर आहे. शिशाची गोळी मांसात शिरल्यावर फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण दूरवर पसरतात, हे तिने वाचले. तिने स्पष्ट सांगितले, "शिशाच्या गोळीचे मांस या घरात शिजणार नाही."

मी प्रथम हसलो, हे कबूल करतो. पण पोटातल्या बाळाला शिसे किती घातक, हे वाचल्यावर हसू मावळले... तांब्याची गोळी फुलासारखी उमलते, पण सहसा तुटत नाही. निखिलने विचारले, "आबा, कोणती घेऊ?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "तुझ्या शिशाच्या गोळीचे जे वजन आहे, नेमके तेच वजन तांब्यात घे. वजन बदलू नकोस." सैन्यात आम्ही वजनाशी कधी खेळलो नाही.

त्याने तसे केले, आणि शनिवारी छायाचित्र आले. कागदावर पाच छिद्रे पाच दिशांना. त्यांतील दोन तर गोलही नव्हती, लांबट होती... म्हणजे गोळी डगमगत, आडवी होऊन कागदात शिरली होती.

अशी छिद्रे मी नोकरीत पाहिली होती, झिजलेल्या नळीची. मी निकाल दिला: "रायफल बाद झाली."

"पण आबा, शिशाची गोळी अजून सरळ जाते."

मी छायाचित्र पुन्हा न्याहाळले. हंगाम पुढच्या शनिवारी सुरू होणार होता. डगमगत्या गोळीने हरीण मरत नाही, जखमी होऊन पळते आणि कुठेतरी तडफडते... ते पाप निखिल करणार नाही. शिशाकडे परतला, तर स्नेहा त्या मांसाला हात लावणार नाही. तो म्हणाला, "या वर्षी जातच नाही, आबा." त्याच्या आवाजातील निराशा मला रात्रभर बोचत राहिली.

म्हणून रविवारी बाळूकडे गेलो. बाळू माझा शाळेपासूनचा मित्र, तीन पिढ्यांचा विणकर. मी त्याला छायाचित्र दाखवले आणि सर्व हकीकत सांगितली... निदान मन हलके व्हावे म्हणून.

"म्हंजे शिश्याचं वजन तेवढंच तांब्यात घ्याय लावलंस व्हय रं सुभेदार?"

"अर्थात."

तो इतका हसला, की आतून वहिनी बाहेर आल्या. "आगं, ह्यानं आमच्या बासारखीच खोड केली बघ!"

मग त्याने मागाखालच्या डब्यातून दोन सळया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. नक्षीच्या प्रत्येक दोऱ्याला खाली ताण देणारे वजन लटकते, ती ही वजने. एक जुने शिशाचे, दुसरे लोखंडाचे. दोन्ही सारख्याच वजनाची, सारख्याच जाडीची... पण लोखंडाचे चांगले चार बोटे लांब होते.

"शिसं जड. दुसऱ्या धातूत तेवढंच वजन पायजे, तर जिन्नस लांब हुतो. आमच्या बानं शिश्याजागी लोखंड घेताना वजनाला वजन लावलं, आणि सगळी हेलकावं खाऊन एकमेकांत गुतली. मग तोडून आखूड केली. हलकी झाली खरं, पर माग सुतासारखा चालला. वजन धरून बसलास, लांबी कोण बघायची?"

माझ्या हातातील चहा निवला...

गोळी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून सरळ जाते. नळीच्या आतील खाचांचा पीळ तिला फिरवतो. गोळी जितकी लांब, तितका जास्त पीळ लागतो. त्या जुन्या नळीचा पीळ आखूड शिशासाठी होता, तेवढ्याच वजनाच्या लांब तांब्यासाठी नव्हे. नळी ठणठणीत होती, माझा सल्ला तेवढा चुकला होता.

मी तिथूनच निखिलला फोन लावला. "तांबेच घे, पण हलके घे, आखूड. नळी आधी स्वच्छ कर आणि कागदावर पुन्हा नेम जुळव... चूक माझी होती." शेवटचे वाक्य मी आयुष्यात फार वेळा उच्चारलेले नाही. बाळू शेजारून ओरडला, "तुझ्या आज्यानं शहापुरात शिकवणी लावलीया!"

गुरुवारी नवे छायाचित्र आले. तीन छिद्रे, तिन्ही गोल, तिन्ही दहाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. खाली स्नेहाचा संदेश होता: "आबा, फ्रीजर रिकामा करून ठेवला आहे."

हरीण मिळेल की नाही, हे त्या जंगलाच्या हाती. पण मिळालेच, तर त्या घरातील ताटात शिसे नसेल... आणि जंगलात उरलेले अवशेष खाणाऱ्या गरुडांच्या पोटातही नसेल.

स्नेहाच्या डोहाळजेवणासाठी बाळूने मागावर हिरवी साडी चढवली आहे. काठ किती रुंद, पदर किती लांब, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, "ते तू ठरव."

सत्तर वर्षांच्या मैत्रीत हे मी त्याला प्रथमच म्हणालो असेन.