गल्लीत घरं चाळीस, मतं तीन

नांदेडला राहायला येऊन आम्हाला बारा वर्षं झाली होती, तरी मत द्यायला आम्ही लोह्याकडच्या आमच्या गावीच जायचो. आम्हीच काय, सगळी गल्ली आपापल्या गावी जायची. निवडणूक आली की उमेदवाराची जीप दारात, आणि आम्ही नवी साडी नेसून पाहुण्यांसारख्या आत. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

गल्लीत नळ मात्र नव्हता. टँकर आला की बायकांची भांडणं जुंपायची आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्यात घरात सून बाळंतीण आणि पिंपात पाणी नाही. एक दिवस दहा-बारा जणींना घेऊन मी नगरसेवकांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी चहा पाजला, मतदार यादी काढली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या गल्लीत घरं चाळीस अन् मतं तीन. म्या कोणाच्या जोरावर भांडू?"

ती तीन मतं कोपऱ्यावरच्या टेलरचाचांच्या घरची. ते पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचेच, त्यांना परत जायला दुसरं गावच नव्हतं. मला आधी नगरसेवकांचा राग आला, मग आमचाच.

गावच्या यादीतलं नाव इकडच्या यादीत आणायचे फॉर्म आणले. चाचा मशीन बाजूला सारून भरून द्यायला बसले आणि मी घरोघर फिरले. यादीतून नाव गेलं की गावची जमीनही जाते, असं निम्म्या गल्लीला वाटत होतं. आमच्या ह्यांनाही. "अहो, सातबारा वेगळा, मतदार यादी वेगळी," हे सांगून माझा घसा बसला. शेवटी ह्यांच्यासमोर तलाठ्याला फोन लावला, तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

त्याच वर्षी माझे धाकटे दीर ग्रामपंचायतीला उभे होते. डांबरी सडकेपासून गावापर्यंत पक्का रस्ता, एवढ्यासाठीच. "वहिनी, तुमच्या घरची चार मतं हायेत म्हणून तर उभा राहिलो," ते फोनवर म्हणाले. "निवडणूक होऊ द्या, मंग काढा नावं." पण शहराची यादी त्याआधीच बंद होणार होती. मला फार वाईट वाटलं. तरी मी थांबले नाही, आणि आजही थांबणार नाही.

नवी यादी लागली आणि महिन्याभरात पाइप टाकायला माणसं आली. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा चाचांनी गल्लीभर पेढे वाटले.

गावात दीर पाच मतांनी पडले. वर मलाच समजावत होते, "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. तुमची चार असती तरी एका मतानं पडलोच असतो."

गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण तो माझा स्वभाव नाही. "आमच्या इथल्या शेजारचे नवरा-बायकोही गावातल्या आपल्याच वॉर्डातले, भाऊजी," मी म्हणाले. "तुम्हालाच मत देणार होते. त्यांची नावंही मीच इकडं आणली."

त्यावर त्यांनी एवढंच विचारलं,

"पाणी आलं का पण?"

"आलं."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "एका ठिकाणी तरी काय तरी झालं."