तिला विचारलंच नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दात काढायला आलेल्या एका सुनेचा जबडा बधिर झालाय का, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका दंतवैद्यांच्या हाताखाली शिकत होतो. पौडच्या बाजारादिवशी आम्ही एका दुकानाच्या पडवीत दात काढायचो. एकदा भरे गावची एक सून सासऱ्याबरोबर आली. सासऱ्यादेखत खुर्चीवर कशी बसणार? बसली जमिनीवर, पदर ओढून. सर नेहमीसारखे कमरेत वाकले. अशा वाकण्यानं त्यांची पाठ आधीच गेली होती.

इंजेक्शन मी दिलं. सरांनी दातांत धरायचा रबरी ठोकळा काढला. तो असला की रोग्याला तोंड मिटता येत नाही, डॉक्टरची बोटं वाचतात. सासरा हसला.

"मुसकी बैलाला घालत्यात डाक्टर, सुनंला न्हाई."

पडवी हसली. भिडस्त सरांनी ठोकळा परत पेटीत ठेवला आणि मला विचारलं, बधिर झालंय ना?

मी सासऱ्याकडे पाहिलं. बायकांची दुखणी आम्ही बरोबरच्या पुरुषालाच विचारायचो. तशीच रीत पडली होती.

"व्हय, झालंय. वढा," तो म्हणाला.

"झालंय, सर," मी म्हणालो. हिरडीला टोचून बघायचं असतं. मी बघितलं नाही.

सरांनी चिमट्यानं दात धरताच ती जिवाच्या आकांतानं चावली. सरांचा डावा अंगठा हाडापर्यंत फाटला, मग चिघळला, शेवटी पेर कापावं लागलं. डाव्या हातानं जबडा धरता आला नाही तर उजव्यातला चिमटा काय कामाचा? त्यांनी दवाखाना बंद केला. इस्पितळात एकदाच त्यांनी विचारलं, "तिचं बधिर झालं होतं ना रे?"

"हो, सर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आता ते नाहीत.

आज मी नव्या पोरांना शिकवतो: ठोकळ्याशिवाय बोट घालू नका, रोग्याला उंचावर बसवा, टोचून बघा, आणि विचारायचं ते त्यालाच विचारा. पोरं माझ्याबद्दल म्हणतात, सरांचा अनुभव दांडगा.

भऱ्यात त्या बाईला अजून 'चावरी' म्हणतात. परवा एक रोगी हसत हसत सांगत होता. मीही हसलो.

तिच्या दारात जाऊन, चार माणसांदेखत, चूक तिची नव्हती, माझी होती, एवढं सांगण्याचं देणं मी तिचं लागतो. अजून गेलेलो नाही.