थोरला रंगनाथ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आमच्या घराण्यात आजोबा गेल्यावर थोरल्या नातवाला त्यांचं नाव देतात. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून त्या पोराला घरात सगळे ‘आबा’च म्हणतात. मी रंगनाथ. मी आबा. वैजापूरकडच्या आमच्या गावात या नावाला मान होता, आणि तो मान मला — खरं सांगतो — फार आवडायचा.

औरंगाबादेत मास्तरकी करता करता मी घराण्याची वंशावळ छापायला घेतली. त्र्यंबकच्या उपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, तिथं गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं पान निघालं. त्यांचंच अक्षर, खाली सही. ‘प्रथम पत्नी सरस्वती, पुत्र रंगनाथ थोरला. द्वितीय पत्नी यमुना, पुत्र रंगनाथ धाकटा.’

यमुना माझी आई. धाकटा म्हणजे मी.

सरस्वतीबद्दल घरात कुजबूज ऐकली होती. रझाकारांच्या धामधुमीत सगळं घर गाव सोडून पळालं, आणि ती मागं राहिली. शेजारच्या अमिनाबींनी तिला चार दिवस घरात लपवून वाचवलं. पोलीस ॲक्शननंतर माणसं परतली, तेव्हा चुलत आजोबांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. मुसलमानाच्या घरात राहिली होती ना! वडील? गप्प बसले. ती देवगाव रंगारीला माहेरी गेली. तेव्हा ती गरोदर होती, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर काढलेल्या बाईनं पोराचं नाव आमच्याच रीतीनं ठेवलं होतं.

पान उतरवून घेताना मी ती पहिली ओळ सोडली.

दोन महिन्यांनी तो घरी आला. माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, कपाळ थेट वडिलांचं. वंशावळीचं त्याच्या कानावर गेलं होतं.

“पुस्तकात नाय घातलं तरी चालंल,” तो म्हणाला. “त्र्यंबकच्या वहीत बापानं आमचं नाव लिवलंय का, तेवढं सांगा. आई लई थकली. तिला मरायच्या आधी तेवढंच कळायला पायजे.”

“तुम्हाला आई काय म्हणते?” हे मी का विचारलं असेल?

“आबा. नाव नाय घेत ती. सासऱ्याचं हाय ना.”

ज्या घरानं हाकललं, त्या घराचा मान ती बाई आयुष्यभर पाळत होती. आणि मी —

मी म्हणालो, “नाही. सगळं पान वाचलं मी. तुमचं काही नाही त्यात.”

“व्हय?” एवढंच म्हणाला. माझ्याहून मोठा असून मला हात जोडले, आणि गेला.

भीती होती म्हणू? कसली? त्यानं काही मागितलंच नव्हतं. माझ्या आईची अब्रू म्हणू? आई तोवर गेली होती. मला थोरला राहायचं होतं — बस्स. बापानं आयुष्यात एकदाच धीर करून जे लिहिलं, ते मी सरस्वतीपर्यंत पोचू दिलं नाही.

वंशावळ छापून झाली. मग एक दिवस त्याचं कार्ड आलं. आई वारली. खाली लिहिलं होतं — ‘तुमचं बोलणं आईला सांगितलं होतं. ती म्हणली, खरंच असंल, मास्तर मानूस खोटं कशाला बोलंल.’

सावत्र आईचं सुतक लागतं. मी कार्ड फाडलं, दाढी केली आणि शाळेत गेलो. तिसऱ्या तासाला नववीचा इतिहास होता. रोजच्यासारखा शिकवला.