बांधलं, धरलं, एकजीव

"बांधलं म्हंजी झालं का?"

सगळे जिला मावशी म्हणायचे ती हे वाक्य कुठंही टाकायची. एकदा तर ऐन लग्नमंडपात. नवरा-नवरीच्या उपरण्याची गाठ पडली, बायकांनी "जमलं बाई एकदाचं" म्हणून सुस्कारा सोडला आणि मागून हिचा आवाज आला, "बांधलंय नुस्तं. तीन आठवड्यानं बघू." नवरीचा मामा तिला शोधत चार रांगा मागं आला. तोवर ही पंगतीला जाऊन बसली होती आणि वाढप्याला भाजीवरून झापत होती.

काही लोकांचा राग नाकावर असतो, काहींचा जिभेवर. तुम्हीही असे पाहिले असतील. मावशीचा राग हातात असायचा. आणि हातात चाकू.

तीर्थपुरीच्या अलीकडं मोसंबीची एक रोपवाटिका होती, तिथं ती डोळे भरायची. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरी म्हणजे आंबट, काटेरी, पण चिवट झाड. तिच्या पेन्सिलीएवढ्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, सालीसकट उचलून त्या चिरेत सरकवायचा आणि वर प्लास्टिकची पट्टी बांधायची. मुळं जंबेरीची, झाड मोसंबीचं. डोळा लागला तर. नाही लागला तर तो काळा पडतो आणि खालून जंबेरीच फुटते. तीही तितकीच हिरवीगार. फसलो हे कळतं पाच वर्षांनी, फळ तोंडात घातल्यावर.

मी पाट्या रंगवणारा. गावच्या नाटकांत कामंही केलेली, त्यामुळं अक्षराला आणि आवाजाला दोन्हीला नखरा. रोपवाटिकेच्या फाटकावर मी सावलीच्या अक्षरांत लिहिलं, 'येथे खात्रीशीर जोडलेली मोसंबीची रोपे मिळतील', आणि शेजारी हसरी मोसंबी काढली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, काय लिहिलं? मी छाती फुगवून राजाच्या आवाजात वाचलं.

"जोडलेली?" ती म्हणाली. "तुटलं काय होतं?"

मी म्हणालो, मग 'चिकटवलेली' करू. तिनं वाफ्यातला मूठभर चिखल उचलला आणि माझ्या हसऱ्या मोसंबीच्या तोंडावर मारला. मग मला फाटकाशी उभं करून तिनं जे ऐकवलं ते माझ्या शाळेतल्या कुठल्या मास्तरांनी ऐकवलं नव्हतं. पीठ मळतात, भात कालवतात, दुधाला विरजण लावतात. फाटलेलं सांधतात, तुटलेलं जोडतात, फुलं ओवतात. माणसांनी एवढे शब्द केले ते काय मोकळे बसले होते म्हणून?

"नाव चुकलं की हात चुकतो, पेंटर. डोळा भरत्यात. भरत्यात लिही."

मी लिहिलं. मोसंबी मात्र पुन्हा हसली नाही, चिखलाचा डाग शेवटपर्यंत राहिला.

त्यानंतर तिनं माझ्याकडून वाफ्यांसाठी पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. शब्द तिचे, तीनच. ज्या दिवशी डोळा भरला त्या दिवशी पांढऱ्या रंगात 'बांधलं'. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून डोळा हिरवा दिसला तर पिवळ्यात 'धरलं'. आणि फूट वाढून, सांध्याची रेघ बोटाला लागेनाशी झाली की हिरव्यात 'एकजीव'. ती सांध्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवायची. एकजीव म्हटल्याशिवाय रोप फाटकाबाहेर जायचं नाही. मालक गिऱ्हाईक घेऊन उभे असले तरी ती पिवळ्या पाटीकडं बोट दाखवून म्हणायची, "धरलंय. एक झालं न्हाई. जल्दी आसंल तर कोथिंबीर लावा." गिऱ्हाईक हसायचं, मालकही हसायचे. मालक फार गोड हसायचे, हे आता लिहितानाही माझे दात शिवशिवतात.

मग एक वर्ष असं आलं की डोळे भरले आणि लगेच ऊन तापलं. वाफेच्या वाफे काळे पडले. खालून जंबेरी मात्र जोरात फुटली. पावसाळा तोंडावर, रोपांना मागणी. मालकांनी मला बोलावलं, चहा पाजला आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या चिठ्ठ्यांचा ढीग पुढं केला. प्रत्येक रोपाला एक. सगळ्यांवर काळ्या शाईनं एकच शब्द लिहायचा, 'एकजीव'. गिऱ्हाइकाला हा शब्द लई आवडतो, म्हणाले.

वाफ्यांवरच्या पांढऱ्या-पिवळ्या पाट्या काढलेल्या मला दिसल्या होत्या. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मी बसलो आणि लिहीत गेलो. मावशी जाता जाता थांबली.

"काय लिहून राह्यला?"

"झाडाचं नाव," मी म्हणालो.

"बराबर," म्हणाली आणि पुढं गेली. तिला रंग ओळखता यायचे. काळं अक्षर सगळं सारखंच.

पुढच्या आठवड्यात धावड्याहून एक काका-काकू टेम्पो घेऊन आले. काकांनी सत्तरी गाठलेली. अर्धा टेम्पो भरला तेव्हा काकूंनी मावशीला सहज विचारलं, सगळी एकजीव झालेली आहेत ना, चिठ्ठीवर तसं लिहिलंय.

मावशीनं ती चिठ्ठी हातात घेतली. उलटी धरली होती. काकूंना म्हणाली, पुन्हा वाचा. काकूंनी वाचली. मावशीनं दुसऱ्या रोपाची पुढं केली. तीही तीच. मग तिनं त्या रोपाचं पान चुरगाळून हुंगलं, काकूंच्या नाकाशी धरलं, वास जंबेरीचा, आणि टेम्पोच्या पुढं जाऊन बोनेटला पाठ लावून उभी राहिली.

मालक हसत आले. "मावशी, एखादं मिसळून गेलं आसंल."

"मिसळतं आपोआप," ती म्हणाली. "हे कालवलंय. कालवायला हात लागतो."

मालकांनी हसणं थांबवलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तिनं मागं न बघता बोनेटवर चाकूची मूठ आपटली. काका टेम्पोत बसले होते. ते खाली उतरले आणि मालकांना नाही, तिला म्हणाले, "मावशी, पाच वर्सांनी आंबट निघालं तं दुसऱ्यांदा लावायला मी आसंल का?"

झालं. तिनं टेम्पो रिकामा करायला लावला. दिवसभर एकेक पान चुरगाळून, एकेका सांध्यावर अंगठा फिरवून तिनं रोपं निवडली. तोंड सुरू होतं. मालकांना, मालकांच्या बापाला, उन्हाला, ड्रायव्हरला, कुणाला सोडलं नाही. जंबेरी निघाली की चिठ्ठी उपटायची आणि माझ्या पायाशी टाकायची. मला मात्र एक शिवी दिली नाही. मी वाट बघत होतो.

संध्याकाळी काका थोडीच रोपं घेऊन गेले, पण खरी. मालकांनी तिला उद्यापासून येऊ नका सांगितलं. मी तिथंच होतो. नाटकात राजा झालेला माणूस, तोंडातून शब्द फुटला नाही. आज त्या मालकांचा राग येतो त्याच्या दुप्पट त्या माणसाचा येतो.

ती चाकू कमरेला खोचून माझ्याकडं आली.

"शब्द माझा होता, पेंटर. तुला वाचता येत होतं."

एवढंच. मग टाकलेल्या ढिगातली एक जंबेरी तिनं उचलली, मोसंबीच्या मोठ्या झाडावरचा एक डोळा काढला, माझ्यासमोर भरला, पट्टी बांधली आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. "घरी ने. पांढऱ्यात लिही, बांधलं. तीन आठवड्यानं बघायला येते."

मी अंगणात रोप लावलं, पाटी लिहिली. तीन आठवडे झाले, ती आली नाही. मीच पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. धावत तिच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारणीनं सांगितलं, लेकीकडं गेली, अंकुशनगरला. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी पावसाळा घालवला. थंडीत निरोप आला, मावशी गेली.

झाड आता माझ्या खांद्याला लागतं. मी पान चुरगाळून हुंगतो, सांध्यावर अंगठा फिरवतो. रेघ लागत नाही असं वाटतं. पण माझा अंगठा ब्रश धरणारा.

परवा शेजारी कुंपणावरून म्हणाला, "पेंटर, झाड एवढं झालं, अन् पाटीवर आजून बांधलंच? रंग संपला का?"

घरात हिरव्या रंगाचा डबा भरलेला आहे.

"रंग हाये," मी म्हणालो. "बघणारी आली न्हाई."